जुना विजेता आणि नवा प्रश्न

ययाति राजास अकालीं वार्धक्य प्राप्त झालें तेव्हां त्यानें आपल्या पुत्रांपुढें हात पसरले, आणि धाकट्या पूरूनें आपलें तारुण्य त्यास देऊन टाकलें, ही कथा महाभारतामुळें आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. खेळाच्या मैदानावर असा पूरु कोणासच भेटत नाहीं. तेथें तरुण जें घेऊन येतो तें तो वृद्धास उसनें देत नाहीं. उलट वृद्धापाशीं जें कांहीं उरलें असेल तेंहि हिरावून घेण्यासाठींच तो उभा असतो. टेनिसच्या खेळांत तर ही गोष्ट विशेषच उघडी पडते. क्रिकेटमध्यें उतार वयाच्या फलंदाजास दहा सोबत्यांच्या आड उभें राहतां येतें. नाटकांतील नटास वयास शोभेल अशी भूमिका पत्करतां येते. परंतु टेनिसमध्यें जाळ्याच्या एका बाजूस एक माणूस आणि दुसऱ्या बाजूस दुसरा, एवढाच काय तो मामला असतो. येथें वयाची सवलत नाहीं, आणि पराभवाचा वांटेकरीहि नाहीं.

म्हणूनच जुना विजेता तरुणाकडून हरला कीं लोक दोन शब्दांत त्याचा निकाल लावतात : वय झालें. हें म्हणणें खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे, असें या खेळाचा गेल्या सत्तर वर्षांचा इतिहास पाहतां आम्हांस वाटतें. वय हें पराभवाचें एक कारण खरें, परंतु त्याच्या जोडीस दुसरें एक कारण असतें, आणि पुष्कळदां तेंच अधिक बलवान् असतें. तें कोणतें हें दाखविण्यासाठीं केन रोजवॉल आणि जिमी कॉनर्स या दोन खेळाडूंच्या चरित्रांतील कांहीं प्रसंग वाचकांपुढें ठेवावयाचे आहेत. एकानें दुसऱ्यास हरविलें, आणि पुढें दुसऱ्यास पहिल्याच्याच जागीं उभें राहावें लागलें, असा हा इतिहास आहे.

१९५४ सालच्या जुलै महिन्यांत विंबल्डनच्या अखेरच्या सामन्यासाठीं जे दोघे मैदानांत उतरले, त्यांपैकीं रोजवॉल हा एकोणीस वर्षांचा ऑस्ट्रेलियन मुलगा होता. अंगानें लहानसा, उंची जेमतेम साडेपांच फुटांच्या वर. सोबती त्यास थट्टेनें ‘मसल्स’ म्हणत. परंतु आदल्याच वर्षीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यानें ऑस्ट्रेलियाचें आणि फ्रान्सचें अशीं दोन्ही अजिंक्यपदें मिळविलीं होतीं. समोर बत्तीस वर्षांचा यारोस्लाव द्रोब्नी होता. द्रोब्नी मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा. १९४९ सालीं त्यानें स्वदेश सोडला, आणि या वेळीं तो ईजिप्तच्या वतीनें खेळत होता. त्यापूर्वीं १९४९ आणि १९५२ अशा दोन वर्षीं अखेरच्या सामन्यापर्यंत येऊन तो रित्या हातानें परतला होता. प्रेक्षकांचें मन साहजिकच त्याच्याकडे होतें. द्रोब्नीनें १३–११, ४–६, ६–२, ९–७ असा सामना जिंकला, आणि मैदानभर आनंदीआनंद झाला. हरलेल्या मुलाबद्दल हळहळण्याचें कारण कोणास वाटलें नसेल. त्याच्यापुढें सारें आयुष्य पडलें होतें.

आयुष्य पडलें होतें खरें, पण विंबल्डनचें पद त्यांत लिहिलेलें नव्हतें. १९५६ सालीं तो पुन्हां अखेरच्या सामन्यांत पोंचला आणि आपला बालमित्र लू होड याच्याकडून हरला. त्यानंतर त्यानें द्रव्य घेऊन खेळण्याचा करार केला. त्या काळीं टेनिसमध्यें हौशी आणि धंदेवाईक असे जणूं दोन वर्णच होते, आणि धंदेवाईक खेळाडूस विंबल्डनसारख्या मोठ्या स्पर्धांचें दार बंद असे. हा निर्बंध १९६८ सालीं उठला. म्हणजे वयाच्या बाविसाव्या वर्षापासून तेहतिसाव्या वर्षापर्यंतचा, खेळाडूच्या आयुष्यांतील ऐन बहराचा काळ रोजवॉलनें त्या दाराबाहेर काढला. दार उघडल्यावर त्याच वर्षीं त्यानें फ्रान्सचें अजिंक्यपद जिंकलें. १९७० सालीं पस्तिसाव्या वर्षीं अमेरिकेचें, १९७१ व १९७२ सालीं ऑस्ट्रेलियाचें. यांपैकीं शेवटचें पद मिळविलें तेव्हां तो सदतीस वर्षांचा होता. परंतु १९७० सालीं विंबल्डनच्या अखेरच्या सामन्यांत जॉन न्यूकोमनें त्यास पांच सेटमध्यें हरविलें, आणि तें एक पद तेवढें दूरच राहिलें.

मग १९७४ साल आलें. रोजवॉल एकोणचाळीस वर्षांचा झाला होता. उपान्त्यपूर्व फेरींत त्यानें न्यूकोमला हरविलें. उपान्त्य फेरींत स्टॅन स्मिथ या पूर्वीच्या विंबल्डनविजेत्याशीं गांठ पडली. पहिले दोन्ही सेट गेले, तिसऱ्यांत स्मिथ सामना जिंकण्याच्या बेतास आला होता, तेथून रोजवॉलनें ६–८, ४–६, ९–८, ६–१, ६–३ असा सामना फिरविला. वीस वर्षांपूर्वीं द्रोब्नीसाठीं ज्या मैदानावर लोकांचा जीव तुटत होता, त्याच मैदानावर आतां तो रोजवॉलसाठीं तुटूं लागला. आणि त्याच्या समोर एकवीस वर्षांचा अमेरिकन जिमी कॉनर्स उभा राहिला. निकाल लागला तो असा : कॉनर्स ६–१, ६–१, ६–४. दोन महिन्यांनीं न्यूयॉर्कमधील फॉरेस्ट हिल्स येथें अमेरिकन स्पर्धेच्या अखेरच्या सामन्यांत तेच दोघे पुन्हां भेटले. त्या वेळचे आंकडे तर वाचवत नाहींत : ६–१, ६–०, ६–१. तीन सेटमध्यें रोजवॉलच्या वांट्यास अवघे दोन गेम आले.

आतां येथें विचार करण्यासारखें एक स्थळ आहे. या पराभवांचें कारण केवळ वय म्हणावें, तर त्याच वर्षीं त्याच दोन स्पर्धांत रोजवॉलनें इतरांवर जे विजय मिळविले त्यांची वाट काय? न्यूकोम त्याच्याहून नऊदहा वर्षांनीं लहान होता. स्मिथ तर त्याहूनहि लहान. न्यूकोमला त्यानें विंबल्डनवर हरविलें आणि फॉरेस्ट हिल्स येथें उपान्त्य फेरींत पुन्हां हरविलें. आपल्या मद्रासच्या विजय अमृतराजचा अनुभव या बाबतींत विशेष बोलका आहे. १९७३ सालच्या अमेरिकन स्पर्धेंत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यानें रॉड लेव्हरसारख्या धुरंधरास धूळ चारली. पण उपान्त्यपूर्व फेरींत रोजवॉलनें त्यास अडविलें. पुढच्या वर्षीं त्यानें त्याच स्पर्धेंत बियॉन बोर्गचा पराभव केला, आणि पुन्हां त्याच फेरींत रोजवॉलच आडवा आला. वीस वर्षांच्या पायांना जें साधलें नाहीं तें बावीस वर्षांच्या पायांना साधलें, आणि इतक्या सहज साधलें, याचा उलगडा दोन वर्षांच्या फरकानें होत नाहीं.

उलगडा होतो तो खेळाच्या रीतीनें. न्यूकोम आणि स्मिथ हे ज्या संप्रदायांत वाढले, त्याची रीत अशी कीं जोरदार सर्व्हिस करावयाची, तिच्या मागोमाग जाळ्याकडे धांव घ्यावयाची, आणि व्हॉली मारून गुण संपवावयाचा. रोजवॉलनें दोन दशकें या रीतीशींच झुंज घेतली होती. धांवत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या पायांशीं चेंडू ठेवणें, त्याच्या बगलेंतून तो काढणें, डोक्यावरून उंच टाकून त्यास मागें धाडणें, या विद्येंत त्याचा बॅकहँड जगांत अजोड मानला जाई. न्यूकोमनें विचारलेला प्रत्येक प्रश्न त्यानें पूर्वीं शेंकडों वेळां सोडविलेला होता. वयानें पाय जड झाले असतील, पण उत्तर आधींच ठाऊक असल्यामुळें पायांना धांवावें कमी लागे.

कॉनर्सनें हा जुना प्रश्न विचारलाच नाहीं. पोलादी रॅकेट हातीं घेऊन तो मागच्या रेषेपाशीं उभा राही, आणि समोरून आलेला चेंडू टप्पा घेऊन वर येत असतांनाच दोन्ही हातांनीं सपाट आणि खोल परतवी. त्याचें सर्वांत भयंकर शस्त्र सर्व्हिस नसून दुसऱ्याच्या सर्व्हिसला दिलेलें उत्तर हें होतें. रोजवॉलची सर्व्हिस कधींच जोरकस नव्हती. ती नेमकी असे एवढेंच. इतरांविरुद्ध तेवढें पुरे होई. कॉनर्सविरुद्ध मात्र तो जाळ्यापाशीं पोंचण्यापूर्वींच चेंडू त्याच्या शेजारून निघून जाई. म्हणजे जें वैगुण्य वीस वर्षें झांकलेलें राहिलें होतें, नेमक्या त्याच्यावरच नव्या खेळाडूनें बोट ठेवलें. जुन्या विजेत्यास तरुणाचें तारुण्य तितकें जड जात नाहीं. त्यानें आणलेला अनोळखी प्रश्न जड जातो, असें आमचें म्हणणें आहे तें यासाठीं.

या म्हणण्यास आणखी एका बाजूनें पुष्टि मिळते. रोजवॉलनें ज्या धंदेवाईक मंडळींत उमेदीचीं वर्षें घालविलीं, त्या मंडळींत तरुणांनीं वृद्धांस हरविण्याऐवजीं बहुधा उलटाच प्रकार घडे. हीं मंडळी नाटककंपनीप्रमाणें गांवोगांव फिरत. आज या शहरीं, उद्यां त्या शहरीं, कोठें लांकडी जमिनीवर, कोठें अंथरलेल्या ताडपत्रीवर खेळ होई. हौशी जगाचा विजेता मोठ्या डौलानें त्यांच्यांत दाखल व्हावा आणि मुरलेल्या खेळाडूनें त्यास नमवावें, असा जणूं प्रघातच पडला होता. १९४९–५० च्या दौऱ्यांत एकवीस वर्षांच्या पँचो गोन्झालेसला जॅक क्रेमरनें ९६ विरुद्ध २७ सामन्यांनीं हरविलें. तोच गोन्झालेस पुढें स्वतः मुरला, आणि १९५७ सालीं नव्यानें आलेल्या रोजवॉलला त्यानें ५० विरुद्ध २६ असें हरविलें. १९६२ सालीं चारहि मोठ्या स्पर्धा जिंकून आलेल्या लेव्हरनें १९६३ च्या आरंभीं होड आणि रोजवॉल यांच्याशीं खेळलेल्या पहिल्या २१ सामन्यांपैकीं १९ गमावले. येथें अनोळखी प्रश्न विचारणारे जुने होते आणि गोंधळणारे नवे. लेव्हर पुढें या सर्वांहून श्रेष्ठ ठरला, पण तो त्यांच्याच हातून मार खाऊन शिकल्यावर.

याचा अर्थ शरीराचा कांहींच हिस्सा नाहीं असा मात्र नव्हे. शरीर आपला हिस्सा घेतेंच. पण तो कोठें घेतें हें नीट पाहिलें पाहिजे. १९६९ सालीं विंबल्डनच्या पहिल्याच फेरींत एकेचाळीस वर्षांचा गोन्झालेस पंचवीस वर्षांच्या चार्ली पासारेलशीं खेळला. पहिला सेट त्यानें २४–२२ असा गमावला. अंधार पडत होता, चेंडू दिसेना, खेळ थांबवा म्हणून तो चिडून मागणी करीत होता. ती मान्य न होतां दुसरा सेटहि ६–१ असा गेला, आणि तो मैदानांतून जाऊं लागला तेव्हां लोकांनीं त्याची हुर्यो केली. एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशीं त्यानें १६–१४, ६–३, ११–९ असे तीन सेट जिंकले, आणि शेवटच्या सेटमध्यें सात वेळां पराभव अगदीं एका गुणावर आला असतां तो परतविला. सारा सामना ११२ गेमचा आणि पांच तास बारा मिनिटांचा झाला. असल्या लांबणाऱ्या सामन्यांस आळा घालणारा टायब्रेक विंबल्डननें १९७१ पासून सुरू केला. गोन्झालेसची कला एकेचाळिसाव्या वर्षींहि शाबूत होती. त्यास हवी होती ती मधली रात्र. वय प्रथम हात नेत नाहीं, डोळा नेत नाहीं. तें प्रथम उद्यांचा दिवस नेतें. आज जें केलें तें उद्यां पुन्हां, आणि परवां पुन्हां करावयाची ताकद आधीं सरते. सात फेऱ्यांची स्पर्धा जुन्या विजेत्यास नडते ती यामुळें, आणि स्मिथशीं पांच सेट झगडून आलेल्या रोजवॉलला कॉनर्सचा नवा प्रश्न सोडविण्यास हवी होती तेवढी शक्ति उरली नव्हती, हेंहि प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे.

परंतु ज्याच्यापाशीं तेवढी शक्ति आहे अशा वडील खेळाडूनें तोच प्रश्न आधींच अभ्यासून ठेवला तर काय होतें, याचें उत्तर पुढच्याच वर्षीं मिळालें. १९७५ च्या विंबल्डनमध्यें कॉनर्स एकहि सेट न गमावतां अखेरच्या सामन्यांत आला. समोर आर्थर अ‍ॅश होता. वय एकतीस, बत्तिसावें लागावयास पांच दिवस अवकाश. पूर्वींच्या तिन्ही सामन्यांत कॉनर्सनेंच त्यास हरविलें होतें. अ‍ॅश स्वभावतः जोरानें मारणारा खेळाडू. पण जोर हेंच कॉनर्सचें खाद्य आहे हें त्यानें ओळखलें, आणि आयुष्यभराची संवय एका दुपारपुरती बाजूस ठेवली. वेग काढून घेतलेले चेंडू, कॉनर्सच्या फोरहँडकडे खालीं राहणारे चेंडू, बाहेर वळत जाणारी सर्व्हिस, वेळ साधून डोक्यावरून टाकलेला उंच चेंडू, असा त्यानें खेळ मांडला. मधल्या विश्रांतींत तो खुर्चीवर डोळे मिटून स्वस्थ बसे. ६–१, ६–१, ५–७, ६–४ असा तो जिंकला. बावीस वर्षांच्या विजेत्यास त्या दिवशीं अनोळखी प्रश्न पडला होता, आणि तो विचारणारा त्याच्याहून नऊ वर्षांनीं मोठा होता.

आतां कॉनर्सच्या उत्तरायुष्याकडे वळूं. १९९० सालीं मनगटाच्या दुखण्यानें त्यास जवळजवळ सारें वर्ष गमवावें लागलें. १९९१ च्या अमेरिकन स्पर्धेच्या वेळीं जगाच्या क्रमवारींत त्याचें स्थान १७४ वें होतें, आणि खास निमंत्रणामुळेंच त्यास प्रवेश मिळाला. पहिल्या फेरींत पॅट्रिक मॅकेन्रोविरुद्ध दोन सेट आणि तिसऱ्यांतले तीन गेम गमावल्यावर त्यानें सामना फिरविला. तो संपला तेव्हां मध्यरात्र उलटून दीड वाजून गेला होता. २ सप्टेंबर रोजीं, आपल्या एकोणचाळिसाव्या वाढदिवशीं, तो चोवीस वर्षांच्या आरन क्रिकस्टीनशीं खेळला. पांचव्या सेटमध्यें २–५ असा मागें असतां तेथून तो उठला, आणि चार तास एकेचाळीस मिनिटांनीं जिंकला. उपान्त्यपूर्व फेरींत पॉल हारहुइसलाहि त्यानें मागें सारलें. सारें न्यूयॉर्क त्याच्या बाजूस उभें राहिलें. ज्या कॉनर्सनें सतरा वर्षांपूर्वीं लोकांच्या लाडक्या वृद्धास निर्दयपणें बाजूस सारलें, तोच आतां लोकांचा लाडका वृद्ध झाला होता.

उपान्त्य फेरींत त्यास जिम कूरिअर भेटला. कूरिअरचें वय एकवीस. १९७४ च्या विंबल्डनमध्यें रोजवॉल एकोणचाळीस आणि कॉनर्स एकवीस. १९९१ मध्यें कॉनर्स एकोणचाळीस आणि कूरिअर एकवीस. निकाल ६–३, ६–३, ६–२. येथेंहि तोच प्रकार दिसतो. क्रिकस्टीन आणि हारहुइस तरुण होते, पण त्यांच्या प्रश्नांचीं उत्तरें कॉनर्सला येत होतीं. कूरिअर नव्या काळाचा खेळ घेऊन आला होता : अविश्रांत पायांनीं बॅकहँडच्या बाजूस सरकून तेथूनहि फोरहँडनेंच घणाघाती तडाखे द्यावयाचे, आणि न चुकतां देत राहावयाचें. कॉनर्सची रॅकेट तेथें पुरी पडली नाहीं.

मग असा प्रश्न येतो कीं, या लोकांनीं वेळींच निवृत्त होऊं नये काय? पुष्कळ रसिकांचें मत तसेंच असतें. वैभवाच्या शिखरावर असतांनाच निरोप घ्यावा, म्हणजे मागें उरणारें चित्र अभंग राहतें. या मतांत सौंदर्यदृष्टि आहे, आणि ६–१, ६–०, ६–१ हे आंकडे आठवले कीं तें मनास पटूंहि लागतें. तरीहि आम्हांस तें मान्य करवत नाहीं. रोजवॉल १९७४ पूर्वींच घरीं बसला असता, तर त्याचें चित्र अभंग राहिलें असतें. पण स्मिथविरुद्धचा तो सामना झाला नसता, आणि कॉनर्सचें नाणें कोणत्या कसोटीवर घांसून पाहिलें असतें? ज्यानें जुन्या खेळांतील सर्व प्रश्न सोडविले आहेत, त्यास निरुत्तर केल्यावांचून नवा प्रश्न खरोखरच नवा आहे हें सिद्ध होत नाहीं. आणि स्वतः रोजवॉलचें म्हणावें, तर त्या आंकड्यांनीं त्याचें कांहीं बिघडलें नाहीं. तो खेळतच राहिला, आणि १९७७ सालीं हाँगकाँग येथें वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं त्यानें आणखी एक स्पर्धा जिंकली.

अलीकडच्या काळांतील एक उदाहरण हेंच सांगतें. २०२३ सालीं विंबल्डनच्या अखेरच्या सामन्यांत वीस वर्षांच्या कार्लोस अल्काराझनें छत्तीस वर्षांच्या नोव्हाक जोकोविचला पांच सेटमध्यें हरविलें. त्या मुख्य मैदानावर जोकोविच २०१३ नंतर प्रथमच हरत होता. महिन्याभरानें सिनसिनाटी येथें त्यानें पराभवाच्या एका गुणावरून परतून त्याची फेड केली. २०२४ सालीं गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाल्यानंतर थोड्याच आठवड्यांनीं तो विंबल्डनवर पुन्हां अल्काराझपुढें उभा राहिला आणि ६–२, ६–२, ७–६ असा हरला. त्या दिवशीं ‘वय झालें’ म्हणणारे पुष्कळ निघाले. तीनच आठवड्यांनीं, ४ ऑगस्ट रोजीं, पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें सदतीस वर्षांच्या जोकोविचनें त्याच अल्काराझला ७–६, ७–६ असें हरवून सुवर्णपदक मिळविलें. तीन आठवड्यांत कोणी तरुण होत नाहीं. पण विचारलेला प्रश्न पुन्हां पुन्हां वाचून त्याचें उत्तर मात्र काढतां येतें. ऑलिंपिकचा सामना पांच सेटचा नसून तीनचा होता, हेंहि विसरूं नये. शरीराचा हिस्सा तेथें थोडा कमी द्यावा लागला.

शिष्याकडून होणारा पराजय इष्ट मानावा, असें आपल्याकडील जुनें वचन आहे. त्याचा अर्थ आपण पुष्कळदां असा करतों कीं, वडिलांनीं प्रसन्न मनानें बाजूस व्हावें. टेनिसचा इतिहास त्याचा थोडा निराळा अर्थ शिकवितो. पराजयाची इच्छा करणें वेगळें, आणि पराजय देऊन टाकणें वेगळें. दान म्हणून मिळालेल्या विजयानें शिष्याची योग्यता कळत नाहीं. गुरूनें आपली सारी विद्या पणास लावावी आणि मग हरावें, तेव्हांच ती कळते. फॉरेस्ट हिल्सच्या हिरवळीवर रोजवॉलनें तिसऱ्या सेटमधील शेवटच्या गुणापर्यंत झुंज सोडली नाहीं. समोरच्या तरुणानें तें पाहिलें होतें. आणि सतरा वर्षांनीं, २–५ असा मागें पडला असतां, त्यानेंहि ती सोडली नाहीं.